मशीन ‘थँक यू’ म्हणते, पण हजेरी पोहोचते का?

गेल्या काही वर्षांत शिलाई, भरतकाम आणि पॅकिंगच्या लहान कारखान्यांतही बोट लावून हजेरी घेणारी मशीने आली आहेत. कारागीर बोट लावतो, मशीन ‘थँक यू’ म्हणते आणि तो कामाला बसतो. शनिवारी हप्त्याचा हिशेब होतो तेव्हा मात्र कॉम्प्युटरच्या यादीत तो दोन दिवस गैरहजर निघतो. मग तकरार सुरू होते. मालक म्हणतो, कॉम्प्युटर खोटे बोलणार नाही. कारागीर म्हणतो, मी आलो होतो, मशीन बोलले होते. बहुतेक वेळा दोघेही खरे असतात, आणि रोजी मात्र एकाचीच कापली जाते.

हा घोटाळा समजून घेण्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी हातात दिली म्हणजे माल इचलकरंजीला पोहोचला, असे आपण धरत नाही. तिकडून पोच आली म्हणजे व्यवहार पुरा. मशीनचे ‘थँक यू’ म्हणजे माल गाडीत चढल्याची खूण आहे. बोटाची नोंद मशीनच्या स्वतःच्या मेमरीत बसली, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर मशीन ती नोंद इंटरनेटवरून सर्व्हरकडे रवाना करते. या रवानगीला एचटीटीपी पोस्ट म्हणतात. तिच्यात सर्व्हरचा पत्ता असतो, आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे व तो किती लांब आहे याची चिठ्ठी असते, आणि मग खुद्द मजकूर: कारागिराचा नंबर, तारीख, वेळ. सर्व्हर उत्तरात तीन आकडी कोड पाठवतो. २०० आला तर पोच मिळाली.

म्हणून तक्रार येताच पहिले काम हे की मशीनमधील नोंद पाहावी. मशीनच्या मेनूत ती दिसते आणि बहुतेक मशीनांतून पेनड्राइव्हवर उतरवूनही घेता येते. तिथे कारागिराची वेळ असेल तर तो हजर होता, मग कॉम्प्युटर काहीही म्हणो. दोष शोधायला दोन दिवस लागोत की आठ, रोजी तोपर्यंत अडवू नये.

दोष शोधताना प्रश्न एकच विचारायचा: पोस्ट सर्व्हरपर्यंत गेली की वाटेतच राहिली? याचे उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. सॉफ्टवेअरवाल्याला ‘चालत नाही’ असे मोघम सांगितले तर तो ‘तुमचे नेट खराब आहे’ एवढेच म्हणेल. त्याला मशीनचा नंबर आणि नेमके मिनिट द्यावे आणि त्या मिनिटाची लॉगमधील ओळ मागावी.

ओळच नसेल तर अडचण बहुधा आपल्या बाजूची असते. सर्व्हर गाळ्यातल्याच कॉम्प्युटरवर असेल तर एक गोष्ट नेहमी घडते. लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि कॉम्प्युटरला नवा नंबर देतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.८. मशीन बिचारे जुन्याच दारावर टपाल टाकत राहते. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून घेतला की हा त्रास संपतो. अँटिव्हायरस किंवा विंडोजच्या फायरवॉलने पोर्ट अडवला असेल तरीही असेच होते. ‘पिंग लागतो आहे’ म्हणून मेकॅनिक हात झटकतात, पण पिंगची वाट निराळी. पिंग लागूनही पोर्ट बंद असू शकतो.

ओळ असेल तर कोड वाचावा. ४०४ म्हणजे पत्त्यातला मार्ग चुकला, ४०१ किंवा ४०३ म्हणजे ओळख पटली नाही, ४११ म्हणजे लांबीची चिठ्ठी लावलेली नाही, ४१५ म्हणजे मजकुराचा प्रकार मान्य नाही. ५०० पासून पुढचे कोड आले तर दोष सर्व्हरच्या बाजूचा आहे, आपले मशीन उघडून बसू नये.

सर्वांत फसवा कोड ३०१. नाहूरच्या एका गाळ्यात हेच झाले. सॉफ्टवेअरवाल्याने आपला सर्व्हर कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएसवर नेला आणि जुन्या पत्त्यावर ‘नव्या पत्त्यावर जा’ अशी पाटी लावली. माणसाच्या मोबाइलला ही पाटी कळते. मशीन मात्र ३०१ किंवा ३०२ पाहून एक तर तिथेच थांबते, नाही तर नव्या पत्त्यावर पोस्टऐवजी गेट घेऊन, म्हणजे रिकाम्या हाताने जाते. (पोस्ट तशीच पुढे पाठवायची असेल तर ३०७ किंवा ३०८ कोड असतात, पण जुन्या मशीनांना तेही उमजतील असे नाही.) मशीनमध्येच नवा पत्ता आणि ४४३ पोर्ट भरताच साठलेल्या नोंदी आपोआप वर गेल्या.

कुलूपबंद वाटेवर आणखी दोन अडथळे आहेत. टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी कुलुपे २०२१ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे बाद ठरली. ज्या मशीनला तेवढीच येतात, त्यांना अनेक सर्व्हर दार उघडत नाहीत. दुसरा अडथळा घड्याळाचा. आतला सेल संपून मशीनची तारीख २००० सालावर गेली, की सर्व्हरचे सर्टिफिकेट तिला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते आणि पोस्ट निघतच नाही. सेल बदलण्याचे काम किरकोळ असते, पण मेकॅनिक आधी मदरबोर्ड बदलायला सांगतो!

खात्री करायची सोपी रीत अशी. जाणकार मुलाकडून त्याच वायफायवर लॅपटॉपमधून ‘कर्ल’ने तीच पोस्ट पाठवून पाहावी. लॅपटॉपची गेली आणि मशीनची गेली नाही, तर दोष मशीनच्या सेटिंगात किंवा कुलपात आहे. दोघांचीही अडली तर मोबाइलचे नेट लावून पुन्हा पाहावे. तेव्हा गेली तर गाळ्याची लाइन तपासावी.

कधी २०० येऊनही घोळ होतो. बऱ्याच मशीनांना कोडसोबत ‘ओके’ हा शब्दही हवा असतो. तो न मिळाल्यास मशीन तीच नोंद पुन्हा पुन्हा पाठवते आणि एकच कारागीर सकाळी चार वेळा आत आलेला दिसतो. पोच वाटेत हरवली तरीही हेच होते. मशीनचा नंबर, कारागिराचा नंबर आणि वेळ तिन्ही जुळत असतील तर नोंद एकच धरावी, असे सॉफ्टवेअरमध्ये बसवून घ्यावे.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसलाही हेच लागू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो बंधनकारक आहे, आणि बिलिंग सॉफ्टवेअर तो अशाच पोस्टने पोर्टलकडे पाठवते. उत्तर आले नाही म्हणून घाईने नव्या नंबरचे बिल फाडू नये. तेच बिल त्याच नंबराने पुन्हा पाठवावे. २१५० क्रमांकाची ‘डुप्लिकेट आयआरएन’ अशी चूक दाखवली, तर पहिली रवानगी पोहोचली आहे असे समजावे आणि पोर्टलवरून त्याच बिलाचा आयआरएन काढून घ्यावा.