भरल्या ताटावर उपाशी!

१९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी मालिका लागत असे. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणी संच नव्हते. ज्यांच्याकडे संच असे, त्यांच्या दाराशी चपलांची रास पडे. कार्यक्रम संपला, की घाईघाईने कोणीतरी उजवी चप्पल डाव्या पायात सरकवायचा आणि चार पावले फेंगडा चालून परत यायचा! ही चप्पल लक्षात ठेवा; पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

अमेरिकेत ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत दाखवली गेली. पुढे तिच्यावर आधारित पुस्तकांची रीघ लागली. अशी पुस्तके बहुधा मालिकेचीच शिळी कढी असतात. पण १९७० साली निघालेली 'स्पॉक मस्ट डाय!' ही कादंबरी जरा निराळी. तिचा लेखक जेम्स ब्लिश हा सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर होता आणि त्याने काही वर्षे औषधांच्या कंपनीत नोकरीही केली होती.

ब्लिशपुढे एक पेच होता. मालिकेतली पात्रे त्याच्या मालकीची नव्हती. टोकदार कानांचा, कधीही न चिडणारा स्पॉक तर वाचकांचा सर्वांत लाडका. त्याला मारायचे कसे? ब्लिशने युक्ती केली. त्याने दोन स्पॉक केले, म्हणजे एक मेला तरी चालेल!

'एंटरप्राइज' या अंतराळयानात एक यंत्र आहे. त्यात माणूस उभा राहिला, की इथे नाहीसा होतो आणि दूरच्या ग्रहावर प्रकटतो. हे यंत्र का सुचले, ठाऊक आहे? दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायचे, तर खर्च परवडत नव्हता म्हणून! पडद्यावर यंत्र लखलखले की आपले समाधान होते. कादंबरीत मात्र लेखकाला काही स्पष्टीकरण द्यावे लागते. ब्लिशच्या गोष्टीत स्पॉकची प्रतिकृती एका ग्रहाकडे धाडली जाते. ग्रहाभोवतीच्या अदृश्य कवचावर आपटून ती परत फिरते, अगदी आरशावरून प्रकाश परतावा तशी. यानात आता दोन स्पॉक! त्यांतला एक प्रयोगशाळेत शिरून दार आतून बंद करून घेतो आणि काही केल्या बाहेर येत नाही. का बरे?

आता चपलेकडे वळू. डावी आणि उजवी चप्पल एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे आहेत. पण कशीही फिरवली तरी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. कित्येक रेणूंचेही असेच असते. १८४८ साली लुई पाश्चर या २५ वर्षांच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. (चिंच आंबट लागते ती याच आम्लामुळे.) स्फटिक दोन तऱ्हांचे होते, एकमेकांची प्रतिबिंबे. त्याने चिमट्याने एकेक निवडून दोन ढीग केले. तांदळातले खडे निवडणाऱ्या आजीलाच त्या चिकाटीची कल्पना येईल!

आपली प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतले ग्लायसिन तेवढे डावे-उजवे नसलेले. बाकीची १९ 'डावी'. ती जोडणारी आणि तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, डाव्या पायासारखी असतात. त्यांत उजवी चप्पल बसत नाही.

आता त्या खोलीतल्या स्पॉकची स्थिती पाहा. त्याचा अणू-अणू उलटलेला. हवा त्याला चालेल, पाणी चालेल, मीठही चालेल. त्यांना डावे-उजवे नाही. पण डाळ, अंडी, दूध यांतली अमिनो आम्ले त्याच्या शरीराच्या काहीच कामाची नाहीत. आणि शिरा? तो गोड लागेल. आरशातले ग्लुकोजही आपल्या जिभेला गोडच लागते. पण शरीराला त्यातून शक्ती मिळत नाही. स्पॉकच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडेल, म्हणजे आपली साधी साखर त्याला गोड लागेल आणि निरुपयोगी ठरेल. भरल्या ताटावर बसून तो उपाशी मरेल! म्हणूनच बिचारा प्रयोगशाळेत दडून स्वतःसाठी उलटी अमिनो आम्ले बनवीत होता.

ही नुसती गंमत राहिलेली नाही. शास्त्रज्ञांनी उलटी प्रथिने प्रयोगशाळेत बनवली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात इशारा दिला, की संपूर्ण उलटा जीवाणू मात्र कोणी बनवू नये. आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला ओळखू शकणार नाही. जीवाणूंना मारणारे विषाणूही त्याच्यापुढे थिटे पडतील. तुम्ही विचाराल, तोही स्पॉकसारखा उपाशी मरणार नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. पण काही जीवाणू ग्लिसरॉलसारख्या डावे-उजवे नसलेल्या साध्या पदार्थांवरही वाढतात. खरी धास्ती तीच आहे.

आता एक प्रयोग. स्वयंपाकघरातून पुदिन्याची पाने आणि बाळंतशोपा आणा. चुरडून आळीपाळीने वास घ्या. दोन्हींत कार्व्होन नावाचा पदार्थ असतो. पुदिन्यातला रेणू आणि बाळंतशोपेतला रेणू हे एकमेकांचे प्रतिबिंब! आपल्या नाकालाही डावे-उजवे कळते, म्हणून वास निराळे येतात.

मग सांगा पाहू, तो उलटा स्पॉक बोरिवलीच्या भेळवाल्यापाशी उभा राहिला, तर पुदिन्याच्या चटणीला त्याला कसला वास येईल?