‘गुणी’ मुलीचे मौन

‘पोर मोठी गुणी! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.’ वर्गातल्या अबोल मुलीबद्दल आपण असे कौतुकाने म्हणतो आणि तिला विसरून जातो. या कौतुकाआड कधी कधी स्वमग्नता दडलेली असते.

स्वमग्नता हा रोग नव्हे, वेड तर नव्हेच. मेंदूची जडणघडणच वेगळी असल्यामुळे काही मुलांना इतरांशी संवाद साधणे आणि बदल, आवाज वा स्पर्श सहन करणे अवघड जाते. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन केले. त्यांत मुली अवघ्या ३ होत्या. पुढेही या लक्षणांचे चित्र मुख्यत्वे मुलग्यांवरूनच रेखाटले गेले.

मुलींत ते निराळे दिसू शकते. पुष्कळ मुली मैत्रिणींचे बोलणे, हसणे, हातवारे न्याहाळून हुबेहूब उचलतात. एकाच मैत्रिणीला धरून राहतात व ती आली नाही की गोंधळतात. थट्टेतले बोलणे खरे मानतात. छंद मणी, बाहुल्या, जनावरे असा साधाच असतो, पण त्यापुढे दुसरे काही सुचत नाही. शाळेत दिवसभर सावरून धरलेला तोल घरी येताच रडण्यात वा चिडण्यात सुटतो. म्हणून बाईंना दिसणारी मुलगी आणि आईला दिसणारी मुलगी जणू दोन वेगळ्या असतात.

येथे एक सावधगिरी हवी. जव्हार-मोखाडा भागातील अनेक मुलांची घरची बोली वारली, कोकणा वा कातकरी असते. पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते. वांगणीची एखादी मुलगी वर्गात गप्प असेल, तर ते भाषेमुळेही असेल. ती पाड्यावर, आपल्या बोलीत, भावंडांत मोकळी असते काय, हे आधी आईला विचारावे. ऐकू नीट येते ना, तेही पाहावे. घरीही लहानपणापासून हीच अडचण असेल, तर तपासणी हवी. एखाद्या लक्षणावरून शिक्का मात्र मारू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. त्यांच्याजवळ शंका मांडता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा मदत मागणे हा तिचा हक्कच होय.

आपल्यापैकी काही जण उद्या आश्रमशाळांत शिकवतील. दंगेखोर मुलाकडे लक्ष आपोआप जाते. गुणी म्हणून मागे राहिलेल्या मुलीकडे ते मुद्दाम द्यावे लागेल.