हिंदमाताचं पाणी प्यालेली गाडी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे जुनी गाडी विकत घेताना ती ‘मुंबईची’ एवढं कळून भागत नाही, पावसाळ्यात ती कुठे उभी असायची ते विचारावं लागतं. दादर-परळमधलं हिंदमाता तर बशीसारखं खोलगट.

आपण लालबागचा ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तो डिपस्टिक पुसून बघतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधतो. (झकास युक्ती! गाडीतलं कार्पेट सगळे धुतात, पट्ट्याचं आतलं टोक सहसा कुणी धूत नाही.) रंगाची जाडी मोजणारं यंत्र असेल तर पुटीही सापडते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुटी भरलेला पत्रा त्याच्या कितीतरी पट.

पण वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी? धातूच्या पिना, थोडी ओल, तिच्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचे १२ व्होल्ट एवढं जमलं की विद्युत-रासायनिक झीज सुरू. तांब्यावर हिरवट थर चढतो, रोध वाढतो. याला महिने लागतात. तपासणीच्या दिवशी प्रवाह नीट वाहत असतो, म्हणून गाडीला जोडलेला स्कॅनरही ‘दोष नाही’ म्हणतो. शिवाय जुने दोषसंकेत त्याच स्कॅनरने पुसता येतात, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड स्टार्टिंगचा खडखडाट लपतो. म्हणून मेकॅनिक आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं की म्हणतो, “उद्या सकाळी येऊ, शेठ. तोवर चालू करू नका.”