परसातील कोंबड्यांचे श्वसनविकार : ओळख व उपचार

मुळा नदीच्या काठचे महाळुंगे हे मुळशी तालुक्यातील जुने गाव. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले व तेथे उंच इमारतींची दाटी झाली. तेथून पश्चिमेस, भातखाचरांच्या प्रदेशात गेले की परसातील खुराडे व अंगणातील डालगे यांचे दर्शन अजून घडते. या पाचदहा कोंबड्या बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीच्या असतात. अंड्यांचा पैसा तिच्या हाती येतो आणि मुलांच्या वह्या, मीठमिरची यांस तो उपयोगी पडतो. एखादी साथ आली की आठवड्याभरात खुराडे रिकामे होते आणि तो आधार तुटतो. कोंबड्या राखण्याचे काम बहुतेक घरी शाळकरी मुलांकडे असते. म्हणून या विषयाची माहिती शिक्षकांस असणे हितावह होय.

श्वसनाची रचना

पक्ष्यांच्या छातीत मनुष्याप्रमाणे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलून हवा आतबाहेर होते. तसेच फुफ्फुसांना जोडलेल्या पातळ वायुपिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कोंबडीची छाती मुठीत घट्ट आवळली तर ती गुदमरते. आजारी कोंबडी धरताना हे विशेष ध्यानी ठेवावे. दुसरी अशी की, नाकातील सर्दी लवकरच शरीराच्या आत खोलवर जाऊन बसते; म्हणून आरंभीच दखल घेणे अवश्य असते.

लक्षणे कशी ओळखावी

निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. दिवसा अंगणातील गलबल्यात बारीक खरखर लपून जाते. म्हणून कोंबड्या खुराड्यात बसल्यावर, सारे शांत झाले असता, दाराशी कान द्यावा. घरघर, शिंक, खोकला किंवा शिटीसारखा स्वर ऐकू आल्यास दुसऱ्या दिवशी उजेडात प्रत्येक पक्षी पाहावा. नाकपुड्या चिकटलेल्या, डोळ्यांत फेस, चेहऱ्यावर सूज, मान लांब करून व चोच उघडून श्वास घेणे, तुरा निळसर होणे, ही विकाराची चिन्हे होत.

चैत्रवैशाखाच्या दुपारी मात्र चोच उघडी ठेवून धापा टाकणे स्वाभाविक असते. कोंबडीला घाम येत नाही. ती श्वासावाटे अंग थंड करते. सावली व गार पाणी मिळताच धाप थांबली, तर तो आजार नव्हे. सकाळच्या गारव्यातही धाप असेल तर तो आजार समजावा.

कारणे

सर्वांत सोपे कारण म्हणजे कोंदट खुराडे. मुळशीचा पाऊस मोठा. आषाढात झड आत येऊ नये म्हणून खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट लावतात. आतील विष्ठा ओली होऊन तिच्यातून उग्र वायू निघतो. माणसाने कोंबडीच्या उंचीइतके वाकून पाहावे. डोळे झोंबले तर तो वायू कोंबड्यांच्या श्वासनलिकेस रात्रभर पोळतो आहे असे समजावे. बुरसलेले तूस किंवा बुरशी लागलेले धान्य यांमुळे लहान पिलांच्या फुफ्फुसांत बुरशी वाढते.

सांसर्गिक सर्दीत चेहरा सुजतो व नाकातून दुर्गंधी स्राव येतो. दीर्घकालीन श्वसनरोगात आठवडेच्या आठवडे घरघर चालते, अंडी घटतात, पण मृत्यू थोडे होतात. देवीच्या रोगात तुऱ्यावर खपल्या येतात. कधी घशात पिवळट पापुद्रे धरून श्वास कोंडतो.

सर्वांत घातक तो राणीखेत, ज्याला लोक मानमोडी म्हणतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो १९२६ साली ओळखला गेला; लगेच पुढे कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. यात धाप, हिरवट पातळ विष्ठा, पंख लुळे पडणे व मान वळणे ही लक्षणे दिसतात, आणि थोड्या दिवसांत बहुतेक पक्षी दगावतात.

उपचार

पहिला उपचार औषधाचा नव्हे, विलगीकरणाचा. घरघरणारी कोंबडी त्याच दिवशी वेगळ्या डालग्याखाली, इतरांपासून दूर ठेवावी. तिचे पाणी व दाणे वेगळे असावेत. निरोगी कोंबड्यांना आधी दाणापाणी करावे, आजारीला शेवटी. नंतर हातपाय साबणाने धुवावे. खुराड्यातील ओली घाण काढून कोरडे तूस पसरावे, आणि छपराखाली वीतभर जागा वाऱ्यासाठी मोकळी सोडावी. झोत मात्र अंगावर येऊ नये.

नाकपुड्या कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसाव्या. कण्यांची मऊ पेज द्यावी. चोच उघडून तेल किंवा काढा ओतण्याची रीत सोडून द्यावी. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेला पदार्थ फुफ्फुसात जाऊन कोंबडी उपचारानेच मरते.

सर्दी व दीर्घकालीन श्वसनरोग यांवर गुणकारी औषधे आहेत, पण ती पशुवैद्यकाने ठरवावी. माणसांच्या उरलेल्या गोळ्या पाण्यात घालणे व्यर्थ व अपायकारक होय. औषध चालू असता, व नंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस, अंडी खाऊ नयेत. राणीखेतवर मात्र औषध नाही. तेथे लस हाच एक उपाय.

लस आणि शेजार

पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लशीचा थेंब टाकतात. सुमारे आठव्या आठवड्यात दुसरी, अधिक प्रभावी लस टोचतात. लस निरोगी पक्ष्यालाच द्यावयाची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते व कुपी फोडल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. महाळुंग्यापासून थोड्याच अंतरावर, औंध येथे, जनावरांच्या लशी तयार करणारी शासकीय संस्था आहे. अडचण अंतराची नाही. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि एका घरी कोंबड्या असतात दहा. एकट्या घरासाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून कोणीच फोडत नाही.

येथे शिक्षकाचे साह्य मोलाचे ठरते. मुलांकरवी घरोघरच्या कोंबड्यांची नोंद वहीत करून घ्यावी. शंभराचा आकडा भरला की पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवून एक दिवस ठरवावा. लस पहाटे, कोंबड्या सुटण्यापूर्वी देणे सोयीचे. यात गणित आहे, परिसराचा अभ्यास आहे आणि शेजारधर्मही आहे. कारण एका घराची कोंबडी आजारी पडली की रोग कुंपण मानीत नाही.

साथीच्या काळी

चारदोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या घाईने बाजारात विकण्याची वृत्ती दिसते. अशा विक्रीने रोग दुसऱ्या गावी जातो. अनेक पक्षी अकस्मात मेल्यास त्यांना हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि दवाखान्यास किंवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. तो रोग माणसांसही होऊ शकतो. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता, पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

वर्गात या पाठाची सुरुवात एका सोप्या स्वाध्यायाने करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने रात्री निजण्यापूर्वी क्षणभर खुराड्याशी उभे राहून ऐकावे, आणि काय ऐकू आले ते दुसऱ्या दिवशी वहीत लिहावे. ‘काही ऐकू आले नाही’ हे त्यातील सर्वांत चांगले उत्तर होय.