पळालं की चावतं

दोन महिन्यांच्या पिल्लाला एकच खेळ कळतो: पळेल ते पकडायचं. आणि भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या घरात दिवसभर पळतात ती दोघं, सात वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी. गल्लीतून उचलून आणलेल्या मोतीने आल्या आल्या धाकटीच्या फ्रॉकची झालर धरली. ती किंचाळली आणि मोतीच्या लेखी खेळ रंगात आला.

मग शाळा पोरांचीच घेतली. ‘स्टॅच्यू’ दोघांनाही येत होतंच. मोती झेपावला की स्टॅच्यू: हाताची घडी, तोंड बंद, नजर भिंतीवर. हलणारं काही उरलं नाही की पिल्लू कंटाळतं. थोरल्याला लगेच जमलं. धाकटीचा स्टॅच्यू खुदखुदतो.

खाऊ द्यायचा तो उघड्या तळव्यावर. चिमटीत धरलेला तुकडा घेताना पिल्लू बोट वेगळं मोजत नाही. मोतीच्या गोणपाटाभोवती खडूची रेघ मारली. तो आत असला की कुणी जायचं नाही. या वयात पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात आणि झोपमोड झाली की जास्तच चावतात. शी-शूची वेळ ओळखणं हे मात्र पोरांचं आवडतं काम. उठला, जेवला, खेळून थांबला, की ‘चल बाहेर!’ बाहेर केलं की तिथल्या तिथे शाबासकी. घरात झालं तर गुपचूप पुसायचं. नाक घासून काही शिकत नाही, फक्त आपल्याला भितो.

यंत्रमागांच्या खडखडाटाला मोती भीत नाही; डोळे-कान उघडले तेच त्या आवाजात. भीती आम्हाला आहे ती सुताची. भिवंडीत धागा चपलेला चिकटून घरात येतो. लांब धागा गिळला तर आतड्याला चुण्या पडतात, ते चिरतंही. म्हणून चपला दाराबाहेर झटकायच्या, चावायला जाडजूड गार गाजर द्यायचं, तेही समोर बसून. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, जनावरांचा डॉक्टर गाठायचा.

रेबीजच्या बाबतीत मात्र गंमत नको. पिल्लाला ही लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, आणि गल्लीत त्याला आधी कोण चावलं असेल, कुणास ठाऊक. दात लागला, नखाने नुसतं खरचटलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांत ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. आणि मुलं चावा लपवतात. मार बसेल म्हणून, नाहीतर पिल्लाला सोडून देतील म्हणून. त्यामुळे ‘मोती चावला’ असं सांगणाऱ्यावर घरात कुणीही ओरडायचं नाही, आजीनेसुद्धा. हे आजीला पटवायला मोतीला बसायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.