अतिदक्षता विभागाबाहेरचा अवघड संवाद

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडसह हिंगोली, परभणी आणि शेजारच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोहोचलेला अत्यवस्थ रुग्ण बहुतेक वेळा बोलण्याच्या स्थितीत नसतो. निर्णयाचा भार बाहेर थांबलेल्या नातेवाइकांवर पडतो.

'व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, तुम्हीच सांगा,' असे मुलाला विचारले, तर वडिलांच्या मृत्यूची जबाबदारी आपलीच, असे त्याला वाटते. त्याऐवजी डॉक्टरांनी आधी शांतपणे बसवून घ्यावे, आजाराबद्दल घरच्यांना काय समजले आहे ते विचारावे आणि बरे होण्याची शक्यता किती, हे सोप्या शब्दांत सांगावे. मग विचारावे, 'बाबा बोलू शकले असते, तर त्यांनी काय सांगितले असते?' या प्रश्नामुळे निर्णय रुग्णाच्या इच्छेभोवती राहतो.

हा संवाद झालाच नाही, तर अनेक कुटुंबे 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून रुग्णाला घरी नेतात. तिथे वेदना आणि धाप कमी करणारे औषधही मिळत नाही. उपचार थांबवणे म्हणजे काळजी थांबवणे नव्हे. वेदनाशमन, स्वच्छता आणि आप्तांचा सहवास शेवटपर्यंत चालूच राहायला हवा.

कायद्याची वाटही आता मोकळी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम आधार काढण्यास अटींसह तत्त्वतः मान्यता दिली. 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल' मान्य केले; जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. आधार काढण्यापूर्वी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

कागद नंतर करता येईल. पण आई-वडील धडधाकट असतानाच 'मशीनवर किती दिवस ठेवलेले चालेल, आमच्या वतीने कोणी बोलावे?' हे घरात एकदा विचारून ठेवावे. ऐन वेळी भावंडांमधला वाद त्यामुळे टळू शकतो.