तारीख सांगा, मॅडम

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची मी कोरोनाच्या काळात मुख्याध्यापिका होते. पाचवी ते दहावीचे वर्ग, निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड कामगारांची. शाळा उघडण्याच्या तारखा मुंबईहून यायच्या. पेपरात त्या ठळक छापून आल्या की वाचणाऱ्याला वाटायचं, झालं, ठरलं. आमची धावपळ मात्र तिथून सुरू व्हायची. मंत्रालयानं निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवलेला, प्रशासनानं शिक्षण विभागावर, त्यांनी मुख्याध्यापकांवर, आणि आम्ही संमतीपत्राचा कागद घेऊन पालकाच्या दारात. खाली उतरत उतरत ती जबाबदारी ज्याला सगळ्यात कमी सांगितलं गेलं होतं त्याच्या सहीवर येऊन थांबली. हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. त्या सह्या कशा झाल्या, कुठे अडल्या, हे कुठल्याच अहवालात आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मार्च 2020 मध्ये बंद झालेली शाळा 23 नोव्हेंबरला उघडायची होती, तीही नववीपासून पुढची. त्याआधी 17 ते 22 नोव्हेंबर या दिवसांत प्रत्येक शिक्षकानं आणि कर्मचाऱ्यानं आरटीपीसीआर करून घ्यायची. पुणे-मुंबईत काय झालं मला माहीत आहे. मुंबई महापालिकेनं तर शाळा 31 डिसेंबरपर्यंत बंदच ठेवल्या. आमच्याकडे अख्ख्या तालुक्याचे शिक्षक एकाच दवाखान्यासमोर उन्हात उभे होते. रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. कुणाचा दुसऱ्या दिवशी आला, कुणाचा शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्रीपर्यंत आला नाही. मी वेळापत्रक पेन्सिलीनं केलं होतं, आणि संध्याकाळी फोन आला की एकेक नाव खोडत होते. विज्ञानाचे सर पॉझिटिव्ह निघाले. लगेच इंग्रजीच्या बाईंचा फोन, “मॅडम, परवा आम्ही एकाच जीपमधून आलो.” त्यांचंही नाव खोडलं.

रांगेत शिक्षकांची दबक्या आवाजात एकच चर्चा होती. कोविडच्या कामावर असताना कर्मचारी दगावला तर कुटुंबाला 50 लाख रुपये द्यायचा शासन निर्णय मे महिन्यात निघाला होता. चेकपोस्टवर उभे राहिलो, रेशन दुकानात बसलो, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’साठी ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरलो, ते कोविडचं काम. आता वर्गात उभं राहून बीजगणित शिकवताना झाला तर? ते काम कुठल्या खात्यात धरणार? ज्यांची मुलं अजून लहान होती ते सर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षक घाबरले, त्यांना घरबसल्या पगार हवा होता, असं तेव्हा बरेच लोक बोलले. त्या रांगेतल्या एकानंही मला “मी येत नाही” असं म्हटलं नाही.

गावाची भीती वेगळी होती. आमचे बहुतेक शिक्षक तालुक्याहून अप-डाउन करायचे. एरवी मुख्यालयी न राहण्यावरून ग्रामसभेत वाद व्हायचा; त्या नोव्हेंबरात चावडीवर ऐकू आलं, “मास्तर लोकंच आणतेल कोरोना.” शिक्षक गावाला भीत होते, गाव शिक्षकांना. मग गावातल्या जाणत्या चार माणसांना आम्ही शाळेत बोलावलं आणि सगळ्यांचे रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवले. कायद्यानं तशी सक्ती नव्हती, पण शिक्षकांनी स्वतःहून दाखवले. त्यानंतर चावडीवरचं ते बोलणं थांबलं.

संमतीपत्राचं त्याहून कठीण. हजेरीची सक्ती नाही, पण पालकाची लेखी संमती हवी. पालक होते कुठे? दिवाळी 14 नोव्हेंबरला झाली आणि टोळ्या निघून गेल्या. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी बेळगावकडे. घरी आजी-आजोबा. आमच्या भागातली हंगामी वसतिगृहंही सुरू झाली नव्हती, म्हणून कित्येकांनी लेकरं सोबतच नेली. जी गावात उरली त्यांच्यासाठी आजीचा अंगठा चालेल का, असं मी वर विचारलं. “तुमच्या पातळीवर ठरवा” असं उत्तर आलं.

आम्ही फोन लावले. फडात रेंज नसायची, त्यामुळे रात्री आठनंतर, कोपीवर माणसं परतल्यावर. आमचे गणिताचे सर स्पीकर लावून संमतीपत्र वाचून दाखवायचे आणि मी रजिस्टरमध्ये नोंद करायचे. नववीतल्या एका मुलाचा बाप सगळं ऐकून म्हणाला, “सर, हितं कोपीला कोपी लागूनय. पाण्याला एकच टाकी. तिथं तुमी एका बाकावर एक बसवताव. मग लेकरू तिथंच बरंय की.” आम्हाला वाटलं, झाली संमती. तो थांबला आणि म्हणाला, “पर त्याला काय होईल म्हणून मी भीत न्हाई. घरी म्हातारीला दमाय. तिला झालं तर दवाखान्यात कोण न्यावं?”

जी गोष्ट तज्ज्ञांच्या बैठकांत चर्चिली जात होती, ती त्यानं एका दमात सांगितली होती. मुलांना सहसा सौम्य होतो, धोका घरातल्या म्हाताऱ्यांना. आमच्याकडच्या कागदात त्या म्हातारीसाठी रकाना नव्हता. शेवटी त्यानंच तोड काढली: पोरगं ओसरीवर झोपेल, जेवणाचं ताट वेगळं, आजीला भाकरी शेजारची चुलती देईल. मग म्हणाला, “आता लिहा माझं नाव.”

दुसरा एक बाप गावातच होता, किराणा दुकानवाला. तो सही करायच्या आधी गणिताच्या सरांना म्हणाला, “सर, तुमी तुमच्या लेकीला धाडताव का?” सरांची मुलगी तालुक्याला इंग्रजी शाळेत, तिचा वर्ग मोबाइलवर. सर म्हणाले, “तिची शाळा उघडली नाही.” दुकानदारानं सोडलं नाही. “उघडली तर?” सर जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं की घरी त्यांच्या आईला साखर आहे, रोज बाहेरून जाणारे ते स्वतः अंगणातल्या खोलीत झोपतात, आणि मुलीला पाठवायचं की नाही यावर नवरा-बायकोचं एकमत झालेलं नाही. “खरं सांगतो, मला ठरवता आलेलं नाही.” दुकानदारानं कागद ओढला आणि सही केली. मी अनेक पालकसभा घेतल्या आहेत, मास्क-सॅनिटायझरची भाषणं केली आहेत. त्या एका कबुलीनं जेवढा विश्वास बसला तेवढा कुठल्याच भाषणानं बसला नाही. पालकांना खात्री नको होती, ती कुणाकडेच नव्हती. आपण जे भोगतोय तेच समोरचाही भोगतोय, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवी आली. शाळा जेमतेम भरायला लागली तोच दुसरी लाट. त्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलेली आमच्या गावची काही माणसं परत आली नाहीत, त्यांत दोन विद्यार्थ्यांचे वडील होते. दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीच्या गुणांवर निम्मा निकाल लागला.

जुलैमध्ये नवा निर्णय आला. ज्या गावात महिनाभरात एकही रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावी सुरू करा. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, तीत तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक. निर्णय गावाकडे आला याचा मला आनंद झाला होता. पण बैठकीत बसल्यावर त्यातली अडचण दिसली. शाळा हवी तर रुग्ण नको, आणि रुग्ण नको तर तपासणीच नको. आमच्या आशाताईंवर फार दबाव आला. “ताई, दोन दिवसाचा तापय, कशाला नाव लिवता? पोरांची शाळा बंद पडंल.” हे म्हणणारे आईबापच होते. पुढे पुण्याहून आलेला एक तरुण पॉझिटिव्ह निघाला. राहायला पुण्यात, आधारवर पत्ता आमच्या गावचा. त्याला गावचा धरायचा का, यावर समितीत दुपारभर चर्चा झाली. ग्रामसेवक म्हणाले, धरावा लागेल. सरपंच म्हणाले, त्याच्यापायी चाळीस पोरं घरी बसवायची? आशाताई इतका वेळ गप्प होत्या. त्या उठून म्हणाल्या, “उद्या खरंच कुणाला झालं तर ते मला सांगतेल का? लपवायची सवय लावू नका.” धरला. शाळा लांबणीवर पडली. आशाताईंचं बरोबर होतं. चुकलेली होती ती अट. आजार उघड करणाऱ्या गावाला शाळा नाकारणारी.

मग ऑगस्ट. 10 तारखेला आदेश निघाला की 17 पासून ग्रामीण भागात पाचवी ते आठवीही भरवायची. आम्ही वर्ग धुऊन घेतले, बाकांवर खुणा केल्या, पुन्हा फोन, पुन्हा संमतीपत्रं. राज्याच्या कोविड टास्क फोर्सनं हरकत घेतली आणि दोन दिवसांत स्थगिती आली. त्यातल्या बालरोगतज्ज्ञांची काळजी मी समजू शकते. एप्रिल त्यांनीही पाहिला होता. पण त्यांना आदेश निघण्याआधी विचारायला काय हरकत होती? स्थगितीचा फटका आम्हाला असा बसला की पुढच्या वेळी आमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवेना. “पेपरात आलंय, पर खरंय का?” असं विचारायला आयाबाया शाळेत यायला लागल्या.

या सगळ्यात ज्यांच्याविषयी मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती आमच्या भिंतीपलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं. महाराष्ट्रात आधी नववी ते बारावी उघडली, मग पाचवी ते आठवी, आणि पहिली ते चौथी थेट 1 डिसेंबर 2021 ला. मोठ्यांच्या डोक्यावर बोर्डाची परीक्षा होती, त्यांना मास्क लावा म्हटलं तर कळत होतं, ही कारणं खोटी नव्हती. पण 20 जुलै 2021 ला आयसीएमआरचे महासंचालक बलराम भार्गव यांनी उघडच सांगितलं होतं की सुरुवात प्राथमिक शाळांपासून करावी, लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला झेलतात. त्याच दिवशी आलेल्या सीरो सर्वेक्षणात 6 ते 9 वर्षांच्या 57.2 टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे शाळा बंद ठेवूनही संसर्ग त्यांच्यापर्यंत पोचलाच होता. ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांच्या गटानं पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधली जवळपास 1,400 मुलं पाहिली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी निघाली फक्त 8 टक्के, आणि 97 टक्के पालकांना शाळा उघडायला हव्या होत्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, चांगलं असायचं. पण लाइट असेल तर, आणि घरात टीव्ही असेल तर. ज्यांना शाळेशिवाय दुसरं काहीच नव्हतं त्यांची शाळा सगळ्यात शेवटी उघडली. हा क्रम उलटा लागला असं माझं ठाम मत आहे.

1 डिसेंबरला पलीकडच्या गुरुजींनी दुसरीची हजेरी घेतली. ही मुलं जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेली, वर्गात पहिल्यांदाच बसत होती. गुरुजी नावं घेत गेले आणि कुणीच काही बोलेना. ‘हजर’ म्हणायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि तो दिवस हजेरीचा खेळ खेळण्यात घालवला. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंदचा आदेश आला, तेव्हा त्याच मुलांच्या आया माझ्याकडे आल्या, जिल्हा परिषदेची शाळा माझ्याकडे नसतानाही. “आता बंद करू नका, मॅडम. आमी सह्या देतो, पायजे तेवढ्या द्या कागद.” 24 जानेवारीपासून शाळा परत सुरू करायला परवानगी मिळाली.

एक किस्सा राहिला. सप्टेंबर 2021. दहावीतल्या एका मुलीची आई दिवेलागणीला घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, “तारीख सांगा, मॅडम. कधी सुरू होणार? नुसतं लवकरच लवकरच नको.” मुलीच्या काकानं स्थळ आणलं होतं. शाळा बंद, पोरगी घरात, दसऱ्यानंतर टोळ्या निघणार, आणि लग्न झालेल्या जोडप्याला कोयता म्हणून मुकादमाकडून उचल मिळते. या हिशेबात आमच्या भागातल्या किती मुली त्या दोन वर्षांत गेल्या हे मला माहीत आहे. दहावीच्या पटावरची गळालेली नावं मी पाहिली आहेत. आई विरोध करत होती, पण तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. “शाळा हाय” असं तिला म्हणायचं होतं, आणि शाळा नव्हती.

24 सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांनी मान्यता दिली: 4 ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या लेटरहेडवर पत्र केलं. आपली मुलगी दहावीत आहे, 4 ऑक्टोबरला वर्ग सुरू होत आहेत, बोर्डाचा फॉर्म भरायचा आहे. शिक्का मारला, जावक क्रमांक घातला. एक प्रत ग्रामसेवकांना दिली, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. आणि सोबत संमतीपत्राचा कोरा नमुना. ज्या कागदाचा मला इतके महिने राग येत होता, तो त्या बाईनं संध्याकाळी दिराच्या आणि सासऱ्याच्या समोर जमिनीवर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “सही करा. सरकारचा कागदय.” ते सरकारी पत्र नाही, आपल्यालाच विचारलंय, हे तिला नीट माहीत होतं. नवऱ्यानं सही केली.

4 ऑक्टोबरला मुलगी वर्गात होती. त्या वर्षी दहावीच्या मुलांना परीक्षा आपापल्याच शाळेत देता आली, 15 मार्चपासून. काका एप्रिलमध्ये पुन्हा आला होता, असं नंतर कळलं. 17 जूनला निकाल लागला, मुलगी पास झाली, आणि तिची आई दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. अकरावीचे फॉर्म कधीपासून, तारीख लिहून द्या, म्हणाली.